आधी गोठा तपासा

यकृताच्या कर्करोगावरचे उपचार माणसाआधी कोणावर तपासायचे? उंदराचे यकृत जेमतेम दीड-दोन ग्रॅमचे, माणसाचे सुमारे दीड किलोचे. धमनीतून बारीक नळी गाठीपर्यंत नेऊन औषध सोडणे किंवा सुईने गाठ जाळणे, यांचा सराव उंदरावर होत नाही. डुकराचे यकृत आकाराने माणसाच्या जवळचे. म्हणूनच अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये जनुकीय बदल केलेले ‘ऑन्कोपिग’ पुढे आणले.

अशा प्रयोगांना विरोध करण्याचे कारण नाही. आपल्याकडे मोठ्या प्राण्यांवरील प्रयोगांना केंद्रीय समितीची परवानगी लागते. ती अट कायम राहावी. मात्र डुकरात गाठ घडवून आणावी लागते. माणसात ती बहुधा वर्षानुवर्षे सुजून निबर झालेल्या यकृतात वाढते. त्यामागे हिपॅटायटिस बी व सी, दारू, यकृतातील चरबी आणि बुरशीतले अफ्लाटॉक्सिन हे विष असते.

या विषाचा सुगावा जनावरांनीच दिला. १९६० मध्ये इंग्लंडात लाखभर टर्की मेल्या. दोष बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत निघाला. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमाभागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या घरांतली कुत्रीही मेली.

बीड तालुक्यातल्या लिंबागणेशसारख्या गावाला हा धोका परका नाही. सरकी पेंड किंवा मका ओलसर जागी साठवला की त्याला बुरशी लागते. गाय-म्हैस ते खाते, आणि विषाचा अंश दुधात उतरतो. दुधातील या अंशाला कायद्याने किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली आहे; पण गावच्या संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (स्निग्धांशाव्यतिरिक्त घन घटक) पाहून भाव ठरतो, बुरशीचे विष त्या हिशेबात येत नाही.

परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, खारघरला टाटा स्मारकाचे ‘ॲक्ट्रेक’ हे कर्करोग संशोधन केंद्र. त्यांनी मिळून मराठवाड्यातील पेंड, दूध आणि मेलेल्या जनावरांची यकृते नियमित तपासावीत. एकही जनावर न मारता मोठ्या प्राण्यांचा हा अभ्यास होईल. त्याचे निष्कर्ष शेतकऱ्याला मराठीत कळवावेत.

माणसांसाठीचे उपाय तर हाताशी आहेत. बाळाला जन्मानंतर २४ तासांत हिपॅटायटिस बीची लस, आणि २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून मोफत तपासणी व औषधे. हे सारे प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवणे ही आरोग्य खात्याची जबाबदारी. पेंडीच्या तपासणीसाठी पैसा देणे राज्य सरकारची. नव्या उपचारांची वाट पाहताना ही दोन्ही कामे थांबवण्याला कोणतेही समर्थन नाही.