कानाने गाडी ट्यून होते म्हणे!

परवा एका लग्नाच्या पंगतीत काकांनी चारचौघांत विचारलं, "काय रे, बाबांची फियाट डायनोवर चढवलीस म्हणे? अरे, ती टॅक्सी आहे, फेरारी नव्हे!" सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर ते वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहायला बसलोय. काका, तुम्ही हा ब्लॉग गुपचूप वाचता हे मला ठाऊक आहे. तेव्हा आज शेवटपर्यंत वाचा.

आधी त्या 'टॅक्सी'चं बघू. बाबांच्या पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं. सिलिंडरचा व्यास ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी. हेच माप फियाटने १९३७ साली आपल्या ५०८ सी गाडीत वापरलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सिसितालिया नावाच्या छोट्या इटालियन कंपनीने याच फियाट इंजिनावर हात फिरवून २०२ ही स्पोर्ट्स कार बांधली. १९४७ च्या मिले मिलिया शर्यतीत ताझिओ नुव्होलारी या गाडीतून दुसरा आला. पहिली आली ती अल्फा रोमिओ, अडीचपटीहून मोठ्या इंजिनाची! पिनिनफरिनाने घडवलेली बंद टपाची २०२ तर १९५१ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने प्रदर्शनात मांडली. तिचं इंजिन साधारण ५५ एचपीचं, आपल्या पद्मिनीचं साधारण ४० चं. मधले पंधरा घोडे आले ते कॉम्प्रेशन, कार्बोरेटर असल्या गोष्टींवर कोणीतरी बसून, मोजून, पुन्हा मोजून केलेल्या कामातून. तेव्हा टॅक्सी म्हणून हिणवू नका. घराणं एकच आहे, रियाज कमी पडला.

आता मूळ मुद्दा. आपल्याकडे एक श्रद्धा आहे की खरा मिस्त्री कानाने गाडी ट्यून करतो. बोनेट उघडायचं, पेचकस घ्यायचा, मिक्स्चरचा स्क्रू अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, डिस्ट्रिब्यूटर जरा फिरवायचा, आणि आवाज गोड झाला की "घेऊन जा साहेब". आमच्या मिस्त्रींचा कान खरोखरच असा आहे, मी तो लहानपणापासून पाहतोय. पण कान ऐकतो ते उभ्या गाडीचं, आयडलिंगचं इंजिन. पीयूसीवाला नळी घालतो तेही उभ्या गाडीलाच. आणि गाडी काय उभी राहण्यासाठी घेतलीय?

आमचंच बघा ना. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून बाबांची गाडी दारात मांजरासारखी गुरगुरायची, पण डोंबिवलीहून ठाण्याला निघालो की शीळफाट्यापुढे मुंब्रा बायपासच्या चढावर खडखडायला लागायची. अंगात त्राण नाही, काटा लालकडे. तीन वेळा कानाने ट्यून झाली. तिन्ही वेळा दारात गोड, चढावर तेच. मग सल्ल्यांचा पाऊस! कोणी म्हणे प्लग बदला, कोणी म्हणे फ्री-फ्लो सायलेन्सर बसवा, कोणी म्हणे विकून टाका.

शेवटी रोलरवाल्या डायनोवर नेली. मागची चाकं रोलरवर, गाडी पट्ट्यांनी बांधलेली, समोर मोठा पंखा, चौथा गिअर, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर. सायलेन्सरच्या तोंडात ऑक्सिजन सेन्सर. पहिल्याच धावेत कारण समोर. पूर्ण ताकदीला एक भाग पेट्रोलमागे हवा साडेबारा ते तेरा भाग लागते. आमचा आकडा ३००० आरपीएमनंतर साडेचौदाच्या पुढे पळत होता. म्हणजे इंजिन उपाशी. इथेनॉलमध्ये स्वतःचाच ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला ते जास्त लागतं. नव्या गाडीचा कॉम्प्युटर हे स्वतः सांभाळतो. बिचाऱ्या कार्बोरेटरला कोण सांगणार? त्याचं जेट जुन्या पेट्रोलच्या मापाचं. असंच चालवत राहिलो असतो तर एक दिवस एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळाला असता, आणि मग "जुनी गाडी, दुसरं काय होणार" असं म्हणायला सगळे मोकळे.

मिस्त्रींना मी सोबत नेलं होतं. ते रागावतील अशी भीती होती. पण ते पडद्यासमोर बराच वेळ गप्प उभे राहिले आणि मग एवढंच म्हणाले, "हे मला गल्लीत ऐकू येणार नव्हतं." जेट त्यांनीच बदललं, दोन माप मोठं. टायमिंगही त्यांनीच जरा मागे घेतलं. चाकावर २६.८ एचपी होते, ते २९.४ झाले. आणि खडखड गेली.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळतो, कारण त्यांचाही मला तितकाच राग येतो. डायनोचा कागद मिळाला की हे लोक तो दहावीच्या मार्कशीटसारखा मिरवतात. "माझी ३३, तुझी किती?" अहो, ३८ अंशांच्या उन्हाळ्यातली हवा २० अंशांच्या हवेपेक्षा साधारण ६ टक्के विरळ असते. सुधारणेचं गणित न लावता मे महिन्यात मोजलेला आकडा आणि जानेवारीतला आकडा यांची तुलनाच नको. शिवाय दोन वेगळ्या डायनोंचे रोलर वेगळे, टायरची हवा वेगळी. चाकावरच्या आकड्यात १५ टक्के मिळवून 'इंजिनचा' आकडा सांगणं तर निव्वळ अंदाजपंचे. सायलेन्सर बदलून दोन घोडे वाढले म्हणता, त्यातला दीड हवामानाचा नसेल कशावरून?

माझं म्हणणं साधं आहे. डायनो म्हणजे स्पर्धा नव्हे, तपासणी आहे. त्याच यंत्रावर, त्याच दिवशी, एका वेळी एकच बदल करून आधीचा आणि नंतरचा आलेख शेजारी ठेवायचा. टोकाचा आकडा कमी बघायचा, मधली रेघ कुठे खचते ते जास्त बघायचं. कान हवाच, पण कानाचं निदान खरं की खोटं हे ओझ्याखालीच कळतं.

आणि हे आपणच विसरावं याचं मला जास्त वाईट वाटतं. आपल्या कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता, १९९० च्या दशकात तिथे पेजो ३०९ बनायची. सभा-मेळावे भरतात ते प्रीमियर मैदान आता सगळ्यांना माहीत आहे, नाव कशावरून पडलं ते मुलांना सांगावं लागतं. मोटारीच्या गावात राहायचं आणि मोटार अंदाजाने चालवायची, हे बरं नव्हे.

२०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली तेव्हा किती जणांनी हळवे फोटो टाकले! हळवं होणं सोपं आहे हो. उरलेल्या गाड्यांची जेटं कोण मोजणार?

असो. काका, पुढच्या रविवारी ठाण्याला जातोय. मुंब्रा बायपासला पुढच्या सीटवर तुम्ही बसा. हसायचं की नाही ते चढ संपल्यावर ठरवू.