पंचवीस लिटरखालचा बॉयलर कोणाचा?

१९२३ चा भारतीय बॉयलर कायदा बाजूला सारून संसदेने २०२५ मध्ये नवा कायदा संमत केला. चर्चा झाली ती शिक्षेच्या तरतुदींची. सातपैकी चार गंभीर गुन्हे फौजदारी ठेवून उर्वरितांना केवळ आर्थिक दंड लावण्यात आला. एक जुनी फट मात्र तशीच राहिली. पात्राची क्षमता २५ लिटरपेक्षा कमी असेल, तर कायदा त्याला बॉयलर मानतच नाही.

बुलढाणा जिल्ह्याला वाफ नवी नाही. १८७० मध्ये लॉर्ड मेयो यांनी जलंब-खामगाव रेल्वेमार्गाचे उद्घाटन केले आणि त्या काळात खामगावात वाफेवर चालणारे कापसाचे प्रेस उभे राहिले. आज कारखान्यात बॉयलर बसवायचा तर नोंदणी, तपासणी आणि मुदतीचे प्रमाणपत्र यांतून मालकाची सुटका नाही. परंतु अभियांत्रिकीच्या एखाद्या विद्यार्थ्याने तांब्याचा दोन लिटरचा बॉयलर घडवून वाफेच्या बोटीच्या प्रतिकृतीत बसवला, तर तो तपासण्यास बाष्पके संचालनालय बांधील नाही.

जत्रेत मिळणारी पत्र्याची फटफट बोट येथे अभिप्रेत नाही. तिच्या नळ्यांची तोंडे पाण्यात उघडी असतात, त्यामुळे दाब साठत नाही. प्रतिकृतीतला बॉयलर बंद असतो. चौरस सेंटिमीटरला चार किलो दाब असताना त्यातले पाणी सुमारे १५० अंश सेल्सिअसला उकळते. सांधा फुटताच दाब ओसरतो आणि त्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो. एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरहून अधिक जागा व्यापते, हे ध्यानी घेतले म्हणजे 'खेळणे' या शब्दाचा फोलपणा कळतो. धोका सांध्यातही आहे. पाणी आटूनही ज्योत चालू राहिली, तर कथील-शिशाचा डाख दोनशे अंशांच्या आतच वितळू लागतो. तेथे चांदीमिश्रित डाखच हवा. चांदीसाठी ख्यात असलेल्या खामगावच्या कारागिरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही!

ब्रिटनमध्ये हौशी मंडळांनीच यावर मार्ग काढला. नव्या बॉयलरमध्ये थंड पाणी भरून कार्यदाबाच्या दुप्पट दाबाने परीक्षा होते. पुढील ठरावीक मुदतीच्या चाचण्यांत दीडपट दाब पुरतो. थंड पाणी फारसे दाबले जात नसल्याने सांधा निकामी झाला तरी गळती होते, स्फोट नव्हे. त्यानंतर प्रत्यक्ष वाफेवर सेफ्टी व्हॉल्व्हची परीक्षा होते आणि मगच दाखला मिळतो.

आपल्याकडे स्वयंपाकघरातल्या कुकरला २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. एका टोकाला कुकर, दुसऱ्या टोकाला कारखान्याचा बॉयलर. मधला मात्र निर्नायकी.

म्हणून निरीक्षकाने प्रत्येक हौशी माणसाच्या घरी फेऱ्या माराव्यात, असे नव्हे. तसे झाल्यास हा छंदच बंद पडेल. २००७ च्या दुरुस्तीने मोठ्या बॉयलरच्या तपासणीसाठी सरकारी निरीक्षकाबाहेरील 'सक्षम व्यक्ती' मान्य केली. तोच विचार लहान बॉयलरला लावता येईल. हातपंप, पडताळलेला प्रेशर गेज आणि जाणता निदेशक एवढी सामग्री आयटीआय किंवा तंत्रनिकेतनाच्या आवाक्याबाहेरची नाही. विज्ञान प्रदर्शनात बंद पात्रात वाफ करणारी प्रतिकृती मांडू देण्यापूर्वी असा दाखला मागण्याची अट शिक्षण विभागाला संसदेकडे न जाताही घालता येईल.