वैद्यकीय प्रवेश : बदलीच्या भरवशावर राहू नका

नीटचा निकाल लागला की आपल्या मंडळाच्या वाचनालयात एक प्रश्न दरवर्षी ऐकू येतो : "आत्ता मिळेल तिथे प्रवेश घेऊ, पुढच्या वर्षी बेळगावला बदली करून घेता येईल ना?" विचारणारे बहुधा वडील असतात, आणि त्यांना हा सल्ला कुणीतरी ओळखीच्या डॉक्टरांनी दिलेला असतो. डॉक्टरांचे चुकलेले नसते. त्यांच्या काळी ते खरे होते.

१९९७ च्या जुन्या नियमांत बदलीची सोय होती. पहिल्या वर्षाची विद्यापीठ परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर अर्ज करायचा, दोन्ही महाविद्यालये मान्यताप्राप्त हवीत, जागा रिकामी हवी, आणि वर्षभरातील बदल्या प्रवेशक्षमतेच्या ५ टक्क्यांच्या आतच हव्यात. एकाच शहरातल्या दोन महाविद्यालयांत मात्र बदली नव्हती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जून २०२३ मध्ये पदवी अभ्यासक्रमाचे नवे नियम आणले आणि एका वाक्यात हे दार लावून घेतले : एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने दुसऱ्या संस्थेत बदली मागायची नाही. आजारपण, अपंगत्व, घरावरचे संकट, कशालाही अपवाद ठेवला नाही.

बंदीमागचे कारण समजण्यासारखे आहे. गुणवत्ता यादीत ज्या महाविद्यालयासाठी आपला क्रमांक लागला नाही, तिथे वर्षभराने मागच्या दाराने जाणे हा वर असलेल्या विद्यार्थ्यावर अन्यायच. शिवाय बदलीच्या नावाखाली पैशाचे व्यवहार होण्याची भीती असतेच. पण गैरवापर होईल म्हणून खऱ्या गरजवंतालाही दार बंद करायचे का?

हाच प्रश्न दिल्ली उच्च न्यायालयापुढे आला. दृष्टिदोष असलेला, राजस्थानातील बाडमेरला शिकणारा एक विद्यार्थी प्रकृतीच्या कारणाने दिल्लीला बदली मागत होता. २०२५ च्या अखेरीस न्यायालयाने ही सरसकट बंदी मनमानी ठरवून रद्द केली. त्याचबरोबर, गैरप्रकार टाळण्यासाठी योग्य अटी घालता येतील, हेही मान्य केले. म्हणजे बदली हा हक्क झाला असे नव्हे. सरसकट नकार देता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. हा फरक पालकांनी नीट ध्यानात घ्यावा.

आपल्या सीमाभागाला हा विषय अधिक लागू आहे, कारण आपल्या मुलांपुढे एकाहून जास्त वाटा असतात. अखिल भारतीय कोट्याच्या १५ टक्के जागा आहेत, कर्नाटकाची राज्य प्रक्रिया आहे, आणि ८६५ गावांतील मराठी भाषक उमेदवारांसाठी महाराष्ट्रात काही राखीव जागाही आहेत. पण समजा, महाराष्ट्राच्या प्रक्रियेतून मुलीला गोंदिया किंवा नंदुरबार मिळाले. साडेचार वर्षे अभ्यासक्रम आणि एक वर्ष आंतरवासिता, एवढा काळ ती तिथे राहणार हे गृहीत धरूनच होकार द्यायला हवा. "तात्पुरते जाऊन ये" म्हणून पाठवलेली मुलगी दुसऱ्या वर्षी खचते, तेव्हा दोष तिचा नसतो. हिशेब आपला चुकलेला असतो.

परदेशी जाणाऱ्यांनीही हे जाणून घ्यावे. नोव्हेंबर २०२१ च्या नियमांनुसार ५४ महिन्यांचे शिक्षण आणि १२ महिन्यांची आंतरवासिता त्याच परदेशी संस्थेत पूर्ण व्हावी लागते. २०२२ मध्ये युक्रेनहून परतलेल्या हजारो मुलांना भारतातील महाविद्यालयांत सामावून घेण्याची तरतूदच नाही, असे केंद्राने सर्वोच्च न्यायालयात सांगितले होते. युद्धासारख्या कारणानेही भारतातले दार उघडले नाही.

मग हाती काय उरते? महाविद्यालय बदलण्याची हक्काची जागा एकच : प्रवेशफेऱ्यांमधील वरच्या पसंतीचा पर्याय. पसंतीक्रम भरताना शहर, वसतिगृह, रुग्णालयातील रुग्णसंख्या, फी आणि घरापासूनचा प्रवास यांचा विचार त्याच वेळी करावा. अखिल भारतीय फेरीत हजर होताना पुढील फेरीसाठीची संमती नोंदवायला विसरू नये. आजार किंवा अपंगत्व असेल तर त्याची कागदपत्रे सुरुवातीपासून जपावीत. पुढे अर्ज करायची वेळ आली तर तीच उपयोगी पडतील. पैसे घेऊन बदली करून देतो म्हणणाऱ्याला उंबऱ्याबाहेरूनच परत पाठवावे.

आमचे मत असे की आयोगाने दार किलकिले ठेवावे : गंभीर आजार, अपंगत्व, आई किंवा वडिलांचा मृत्यू अशी मोजकी कारणे, रिकामी जागा आणि निर्णयाची जाहीर यादी. सगळे उघडपणे झाले तर गुणवत्तेलाही धक्का लागणार नाही. तोवर पालकांना आमचे एवढेच सांगणे : प्रवेश घ्याल तो शेवटपर्यंतचा समजूनच घ्या, आणि मुलांनाही ते आधीच मोकळेपणाने सांगा.