परीक्षा संपली, आता डोळे उरकून घ्या

एप्रिल-मे आला की आमच्या पुण्यात आंब्याच्या आणि अकरावी-प्रवेशाच्या क्लासेसच्या जाहिरातींबरोबर चष्मा घालवण्याच्या जाहिराती उगवतात. रिक्षाच्या पाठीवर, बसथांब्यावर, मोबाइलच्या पडद्यावर तीच एक हसरी मुलगी चष्मा हवेत भिरकावत असते. दहा मिनिटांत मुक्ती. विद्यार्थ्यांना खास सवलत. बिनव्याजी हप्ते. ऑफर ३१ मेपर्यंत. डोळ्याच्या शस्त्रक्रियेला मुदत असते हे मला तरी या जाहिरातींमुळेच कळलं. पडद्यांचा सेल असतो तसा बुबुळांचाही असतो म्हणायचं.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. भिंगांचा धडा संपला की एखादा जाड चष्म्याचा मुलगा हमखास मागे रेंगाळतो आणि विचारतो, "सर, लेझर कधी करू?" प्रश्न अगदी योग्य आहे. संतापाची गोष्ट ही, की तो मला विचारायच्या आधीच त्याचं उत्तर भलत्या लोकांनी देऊन ठेवलेलं असतं.

तारीख कशी ठरते ते पाहा. आईच्या डोक्यात मुलीचं लग्न असतं, वडिलांच्या डोक्यात बोनस. मुलाच्या डोक्यात भरती असते, नाहीतर गोव्याच्या सहलीतले फोटो. दवाखान्यात गोड बोलून फॉर्म भरून घेणाऱ्या समुपदेशक बाईंच्या डोक्यात महिन्याचं टार्गेट. ज्या डोळ्यावर किरण पडणार, त्याचं वेळापत्रक मात्र कुणीच विचारत नाही. बरं, ते काही गुपित नाही. चष्म्याच्या जुन्या चिठ्ठ्या एकाखाली एक ठेवल्या की दिसतं. पण त्या चिठ्ठ्या कुठे आहेत म्हणून विचारलं, तर घरात लाइट बिलाच्या पाच वर्षांच्या पावत्या सापडतात आणि नंबरची एकही चिठ्ठी सापडत नाही.

उणे नंबर येतो तो बहुतेकदा नेत्रगोल लांबल्यामुळे. प्रतिमा डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पडायची ती पडद्याच्या अलीकडेच तयार होते. लेझर हा लांबलेला गोल आखूड करत नाही. तो समोरचा कॉर्निया थोडा चपटा करतो, त्याची ताकद कमी करतो आणि प्रतिमा मागे ढकलतो. म्हणजे गोल अजून लांबतच असेल, तर आज बरोबर बसवलेली प्रतिमा दोन वर्षांनी पुन्हा अलीकडे येणार आणि नाकावर पुन्हा चष्मा येणार. म्हणून जगभरचे शल्यविशारद नंबर 'स्थिर' आहे का हे आधी पाहतात. साधारण नियम असा, की वर्षभरात अर्ध्या नंबरापेक्षा जास्त फरक पडलेला नसावा. अठरा वर्षं ही केवळ खालची मर्यादा. अठरा पूर्ण झाले की मतदान करता येतं, म्हणून डोळाही सज्ञान झाला असं समजणाऱ्या पालकांची मला कीव येते. दिवसाचे दहा तास पुस्तक आणि मोबाइल नाकाशी धरणाऱ्या पोरांचे नंबर विशी ओलांडली तरी सरकत राहतात, हे मी दर वर्षी वर्गात बघतो.

त्यात परीक्षेच्या हंगामात मोजलेला नंबर तर साफ फसवू शकतो. सतत जवळचं वाचून डोळ्यांचे आतले स्नायू आखडतात आणि नसलेला उणे नंबर दाखवतात. स्नायू सैल करणारे थेंब घालून तपासल्याशिवाय खरा आकडा कळत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तपासणीआधी त्या काढून ठेवाव्या लागतात, मऊ असतील तर एक-दोन आठवडे आणि कडक असतील तर त्याहून बऱ्याच जास्त दिवस, कारण लेन्सने कॉर्नियाचा आकारच तात्पुरता बदललेला असतो. आता जाहिरातीतला 'आज तपासणी, उद्या शस्त्रक्रिया' हा मजकूर पुन्हा वाचा. सोय कुणाची आहे, ते कळेल.

मुलांना मी फळ्यावर एक वजाबाकी करून दाखवतो. कॉर्निया मधोमध सरासरी ५४० मायक्रॉन जाड, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर. लॅसिक या लेझरच्या प्रकारात आधी वरची झडप कापतात, ती धरा ११० मायक्रॉन. मग एका नंबरामागे ढोबळ १४ मायक्रॉन ऊती उडवतात. उणे सहाचा मुलगा असेल तर ८४ गेले. खाली उरले ३४६. झकास. आता तोच मुलगा ४८० मायक्रॉनचा घ्या. उरले २८६. झडपेखाली किमान २५० हवेत असा जुना दंडक आहे, सावध डॉक्टर ३०० धरतात. म्हणजे हा गडी काठावर आला. आणि घाईने एकोणिसाव्या वर्षी केलेलं लेझर बाविसाव्या वर्षी दीड नंबराने उतरलं, तर? पुन्हा खरवडायला शिल्लक काय आहे? मोबाइलचं रिचार्ज संपलं तर नवं मारता येतं, कॉर्निया परत वाढत नाही. इथे वर्ग शांत होतो. समुपदेशक बाईंनी ही वजाबाकी दाखवलेली नसते.

याहून मोठं कारण केराटोकोनस नावाचं आहे. या विकारात कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. तो पौगंडावस्थेत सुरू होतो, पुढे तिशीपर्यंत वाढू शकतो आणि आपल्या दक्षिण आशियाई लोकांत युरोपियनांपेक्षा अधिक आढळतो. ॲलर्जीने खाज सुटते म्हणून डोळे चोळण्याची सवय त्याला खतपाणी घालते, आणि आपल्या धुळीच्या शहरांत डोळे कोण चोळत नाही? असा कॉर्निया लेझरने आणखी पातळ केला तर तो खचतो. मग कॉर्निया घट्ट करणारं क्रॉस-लिंकिंग, कडक लेन्स, आणि फारच बिघडलं तर नेत्ररोपण. अठराव्या वर्षी हा विकार नुसता डोकावतही नसेल, बाविसाव्या वर्षी कॉर्नियाचा आकार टिपणाऱ्या टोपोग्राफीच्या नकाशावर, विशेषतः कॉर्नियाच्या मागच्या पृष्ठभागावर, त्याची खूण उमटलेली दिसेल. थांबण्याचा हा फायदा कोणत्याही ऑफरमध्ये मोजलेला नसतो. तिरकस (सिलिंडरचा) नंबर दर सहा महिन्यांनी बदलत असेल तर लेझरच्या दुकानात नव्हे, कॉर्नियाच्या डॉक्टरकडे जायचं.

आता मुलींच्या आया. "सर, हिचं दिवाळीआधी उरकायचं म्हणतोय. तुळशीच्या लग्नानंतर पाहायला येतील." मुलगी एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला, विद्यापीठात पहिल्या पाचांत, पण बायोडेटात 'चष्मा : नाही' एवढी ओळ टाकता यावी म्हणून तिच्या डोळ्यांवर किरण मारायचे. ज्या घराला सुनेच्या नाकावरची काच खुपते, त्या घरात ती कोणत्याही नाकाने सुखी होणार नाही, हे या बाईंना कोण सांगणार? शिवाय ही फसवणूक टिकतही नाही. लेझर कॉर्निया बदलतं, आईबापांकडून आलेला वारसा बदलत नाही. नातवंडाच्या नाकावर पहिलीत चष्मा बसला की विहीणबाई विचारणारच, "हा कुणाकडून आला हो?" आणि लग्नाच्या घाईत एक गोष्ट विसरली जाते. गरोदरपणात आणि बाळाला अंगावर पाजण्याच्या काळात नंबर हलू शकतो, म्हणून तेव्हा शस्त्रक्रिया टाळतात. तारीख ठरवताना मुलीने स्वतः पुढच्या दोन-तीन वर्षांचा विचार करायचा असतो. पाहुण्यांनी नव्हे.

भरतीची पोरं तर सगळ्यात जास्त नाडली जातात. "लेझर केलं की मेडिकल पास" असं गावोगावच्या ॲकॅडम्यांत छातीठोक सांगतात. खडकवासल्याच्या एनडीएत प्रवेशाचं वय साडेसोळा ते साडेएकोणीस. संरक्षण दलांच्या ज्या प्रवेशांत लेझर चालतं, तिथेही शस्त्रक्रिया वयाच्या २० नंतर झालेली हवी, तिला किमान १२ महिने उलटलेले हवेत, मधला कॉर्निया ४५० मायक्रॉनपेक्षा पातळ नको, नेत्रगोलाच्या लांबीला मर्यादा आणि पडदा निरोगी. या दोन ओळी शेजारी ठेवल्या की बारावीच्या पोराला समजतं, एनडीएसाठी लेझर करणं म्हणजे पैसे भरून अपात्र होणं. "कळत नाही हो त्यांना" असा दिलासाही वर मिळतो. कळतं. टोपोग्राफीत कोरलेला कॉर्निया लगेच ओळखू येतो.

रेल्वेची तऱ्हा आणखी कडक. सहायक लोको पायलटला दोन्ही डोळ्यांनी, चष्म्याशिवाय, ६/६ दिसावं लागतं. म्हणून भुसावळ, मनमाड, दौंडच्या रेल्वे वसाहतींतली पोरं लेझरचा विचार करतात. आणि त्याच पदाच्या भरतीच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं की लॅसिक किंवा नंबर घालवणारी कोणतीही शस्त्रक्रिया झालेला उमेदवार या पदाला चालणार नाही. चष्मा असता तर हे पद गेलं असतं, तेवढंच. आता पदही गेलं आणि लाखभर रुपयेही. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी ज्या नोकरीसाठी हे चाललंय तिची जाहिरात शेवटच्या पानापर्यंत वाचा, एवढं सांगायला डॉक्टर लागत नाही. क्लासवाला पुरे होता, पण तो फी मोजण्यात गुंतलेला.

मी लेझरच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. उलट हे तंत्र माझ्या विषयाचं वैभव आहे. चेन्नईत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन १९८१ मध्ये अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत होते. थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या कूर्चेवर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेझर मारून पाहिला. आजूबाजूची ऊती भाजली नाही, नेमका हवा तेवढाच थर निघून गेला. अतिनील किरणाने रेणूंचे बंध तोडायचे आणि उष्णता पसरू द्यायची नाही, याहून देखणं भौतिकशास्त्र मला शिकवायला मिळत नाही. पुढे लॅसिक त्यावरच उभं राहिलं. बारीक छेदातून भिंगासारखी चकती काढणारं स्माइल नंतर आलं, झडप न कापणारं पीआरके आधीपासून होतंच. योग्य डोळ्यावर, योग्य वेळी, ही उत्तम शस्त्रक्रिया आहे. गाजर खाऊन, त्राटक करून, हिरवळीवर अनवाणी चालून उणे पाच घालवू पाहणारे काकालोक मला समुपदेशक बाईंपेक्षाही असह्य होतात. बाई निदान कागदावर सही तरी घेतात.

पण उत्तम शस्त्रक्रिया म्हणजे काही फुंकर नव्हे. अमेरिकेचं औषध प्रशासन, तिथली राष्ट्रीय नेत्रसंस्था आणि संरक्षण खातं यांनी मिळून 'प्राउल' नावाचे अभ्यास केले. लॅसिकनंतर ९५ टक्क्यांहून अधिक लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. आधी कसलाही दृष्टित्रास नसलेल्यांपैकी मात्र तीन महिन्यांनी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना दिव्यांभोवती वलय, चकाकी असलं काहीतरी नव्याने जाणवत होतं, आणि कोरड्या डोळ्यांची तक्रार नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना ती सुरू झाली होती. बहुतेकांना त्याचा फार जाच झाला नाही, हेही त्यातच आहे. जाहिरातीत फक्त पहिला आकडा येतो. रात्री एक्स्प्रेस-वेवर गाडी हाणणाऱ्या आणि दिवसा एसीत बसून कोड लिहिणाऱ्या पोराने उरलेले दोन वाचायला हवेत.

वडिलांचा युक्तिवाद वेगळा असतो: "एकदाच खर्च, जन्माची कटकट गेली." हे वडील स्वतः पन्नाशीचे, उणे तीनचे, आणि पेपर वाचताना चष्मा कपाळावर चढवून आरामात वाचतात. ती चैन त्यांना त्या उणे तीननेच दिलेली आहे. नंबर शून्य केलेल्या मुलाला चाळिशीत वाचायला चष्मा लागणारच. लेझरने पुढची वीस वर्षं मोकळी मिळतात, आणि वीस वर्षं काही कमी नाहीत. पण जन्म हा शब्द जाहिरातवाल्याचा. शिवाय लांबलेला नेत्रगोल आत तसाच असतो, ताणलेला पडदाही तसाच. उणे आठचा माणूस लेझरनंतर बिनचष्म्याचा होतो, तरी पडदा सुटण्याचा धोका उणे आठचाच राहतो, म्हणून पडद्याची तपासणी चुकवायची नाही. आणि त्या 'एकदाच्या खर्चा'साठी आरोग्यविमा मागायला गेलात तर ७.५ पेक्षा कमी नंबराचा खर्च नियमानेच वगळलेला असतो.

तर मग कधी? माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी जुन्या चिठ्ठ्या मागतो. नसतील तर आज थेंब घालून नंबर काढ, जपून ठेव आणि पुढच्या वर्षी ये. दोन वर्षं आकडा जागचा हलला नसेल, टोपोग्राफी स्वच्छ असेल, जाडी पुरेशी असेल, डोळे कोरडे नसतील, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू नसतील आणि हवी ती नोकरी लेझरला चालवून घेत असेल, तर बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी खुशाल कर. कॉर्निया पातळ निघाला तर आत बसवायच्या लेन्सबद्दल विचार, रडू नकोस. महिना निवडताना परीक्षा डोक्यावर नको. लॅसिकनंतर दुसऱ्या दिवशी दिसायला लागतं, पीआरकेनंतर नजर साफ व्हायला आठवडे लागू शकतात, आणि थेंब तर पुढेही घालायचे असतात. होळीच्या आसपास नको, पोहण्याच्या क्लासबरोबर नको, आणि होस्टेलात डोळे न चोळता झोपता येतं का तेही बघ. शस्त्रक्रियेआधीचे सगळे कागद, नंबर, जाडी, वक्रता, एका फाइलमध्ये ठेव. लेझरनंतर डोळ्याचा दाब खरा असतो त्यापेक्षा कमी मोजला जाऊ शकतो, काचबिंदू शोधणाऱ्याला हे ठाऊक असावं लागतं. साठीत मोतीबिंदू काढताना भिंगाचा आकडा काढायलाही डॉक्टर हेच कागद मागेल. बहुतेक मुलं इथपर्यंत ऐकून मान डोलावतात. मग बाहेर जाऊन मित्राला विचारतात, "अरे, ती ऑफर ३१ तारखेपर्यंतच आहे ना?"