सुकाणूची पेटी

गेल्या महिन्यांत परभणीस आमच्या घरीं एक लहानसें महाभारत घडलें. निमित्त झालें आमच्या थोरल्या बंधूंच्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचें. कुर्ल्याच्या कारखान्यांत जन्मलेल्या ह्या गाडीच्या टॅक्सी मुंबईंतून २०२३ सालीं निघून गेल्या. आमची मात्र दर एकादशीस गंगाखेडीं गोदास्नानास जाते, व ती दादा स्वतः हांकतात. वय वर्षें ७४.

आमचे पुतणे चिरंजीव अभियांत्रिकी शिकतात. उसाच्या बैलगाडीस चुकवितांना गाडी एकदां उशिरां वळली, तेव्हां त्यांनीं निदान केलें, "काका, हिचें स्टिअरिंग मंद आहे. पेटीच बदलूं." आणि भंगारांतून शीघ्र प्रमाणाची एक पेटी घेऊनही आले!

हें प्रमाण म्हणजे काय? पेटींत आट्यांचा एक दंड असतो. कारागीर त्यास वर्म म्हणतात. हातचें चाक फिरलें कीं तो फिरतो व खालचा दांडा हलवून पुढचीं चाकें वळवितो. समजा, हातचें चाक १६ अंश फिरल्यावर रस्त्यावरचें १ अंश वळतें. तेंच प्रमाण १२ ला १ केलें, तर ३० अंशांच्या वळणास ४८० अंशांऐवजीं ३६०, म्हणजे एकच फेरा पुरतो. पण तरफेचा नियम कोणास सुटला आहे? घर्षण सोडलें तरी जोर एक तृतीयांशानें वाढतो. (अमरकोशांत सारथ्यास 'यन्ता' असेंही नांव आहे, 'यम्' म्हणजे आवरणें. पळविणें नव्हे!)

आमची मास्तरी खोड स्वस्थ बसूं देईना. उभ्या गाडींत दादांना आम्हीं चाकाची कड सोडून, मध्यापासून पाऊण अंतरावर, आरे धरून फिरवावयास सांगितलें. तेथें हातास नेमका तितकाच अधिक जोर पडतो. एकदां त्यांनीं फिरविलें. दुसऱ्यांदा अर्ध्यावर हात थांबले. वहिनी ओट्यावर उभ्या होत्या. दादा कांहीं बोलले नाहींत. उपरण्यानें हात पुसून आंत गेले. घाटाजवळच्या बोळांत गाडी वळवावयास उद्यां दुसरा कोणी लागेल, हें चिरंजीवांस न सांगतां कळलें.

मग कारागिराकडे गेलों. त्यानें प्रथम चाक नुसतें हलवून दाखविलें: तें चार बोटें फिरे तोंवर पुढचीं चाकें ढिम्म! मंदपणा प्रमाणाचा नव्हता, झिजेचा होता. टाय रॉडचे सांधे बदलले, पेटींत तेल घातलें, स्क्रू आवळला. तोही चाकें सरळ असतांना, कारण मोकळीक तेथेंच सर्वांत कमी असते. वळत्या स्थितींत आवळला तर सरळ जातांना चाक अडकतें. आणलेल्या पेटीचा दांडा त्यास पसंत पडला नाहीं. त्याची उंची जुळली नाहीं तर प्रत्येक खड्ड्यास गाडी आपोआप ओढ घेते, असें तो म्हणाला, आणि आमच्याकडे खड्ड्यांस तोटा कोठें आहे? शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असल्या फेरफारांच्या आड येतें, म्हणून आधीं परिवहन कार्यालयांत विचारणें बरें. तरुण हात व हलकी गाडी असल्यास शीघ्र पेटी वाईट नव्हे, हेंही सांगून टाकतों.

आतां चाक एक बोटभरच मोकळें आहे. ती पेटी गोणपाटांत बांधून माळ्यावर ठेविली आहे. परवांच्या एकादशीस चिरंजीव दादांशेजारीं बसून गेले. येतांना दादांनींच किल्ली त्यांच्या हातीं दिली.