मनाई कोणाला?

गेल्या रविवारी चार स्नेह्यांसह आम्ही नेरळला उतरलो आणि पोशीरमार्गे डोंगराकडे निघालो. लावणीत गुंतलेल्या एका वृद्ध शेतकऱ्याने आभाळाकडे पाहून ‘आज वर जाऊ नका’ म्हटले, आणि आम्ही मुकाट्याने परतलो. मनाईचा फलक त्यानंतर दिसला. तो सरसकट साऱ्या पावसाळ्यासाठी होता!

मद्यधुंद होऊन धबधब्यात उतरणाऱ्यांस पायबंद घातलाच पाहिजे. परंतु जाणत्या गिर्यारोहकालाही त्याच दावणीला बांधणे न्याय्य नव्हे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली. दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत ही वाडी नव्हती. वर यंत्रे चढेनात. तेव्हा भर पावसात पायवाट तुडवीत मदतीस गेलेल्यांत याच डोंगरांत हिंडणारी गिर्यारोहक मंडळी होती. हा सराव त्यांना आषाढात घरी बसून खचितच झाला नव्हता.

वाडीवाडीतील ठाकर तरुणांची वाटाडे म्हणून नोंद करावी, त्यांचा मेहनताना ठरवून द्यावा, आणि ते नको म्हणतील त्या दिवशी खुशाल मनाई असावी. आम्ही ती पाळली, ती फलक वाचण्यापूर्वीच.