वेदनाशामकाची खाज आणि वावड्याचा शिक्का

कर्करोगाच्या वेदनेवर मॉर्फिन सुरू झालेला रुग्ण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग खाजवू लागतो, तेव्हा घरातील माणसे घाबरून जातात. औषध ‘लागू पडत नाही’ असे ठरते, गोळ्या बंद होतात, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कागदावर ‘मॉर्फिनचे वावडे’ अशी नोंद होते. ही नोंद पुसली जात नाही. रुग्ण एका रुग्णालयातून दुसऱ्यात गेला तरी ती त्याच्यामागून जाते, आणि ज्या औषधाने त्याला रात्रीची झोप मिळाली असती ते औषध त्याला पुन्हा कोणी देत नाही. बहुतेक वेळा ही नोंद चुकीची असते, आणि ती करण्यात वैद्यकव्यवसाय जी घाई करतो ती समर्थनीय नाही.

वावडे म्हणजे काय, हे प्रथम स्पष्ट झाले पाहिजे. शरीराची प्रतिकारशक्ती एखाद्या पदार्थाला शत्रू मानून त्याविरुद्ध उठते, ते खरे वावडे होय. त्यात ओठ, जीभ, डोळ्यांच्या पापण्या सुजतात, श्वास कोंडतो, रक्तदाब एकाएकी खाली येतो. अशा रुग्णाला क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात नेले पाहिजे, आणि ते औषध त्याला पुन्हा देता कामा नये. परंतु अफूपासून निघणाऱ्या औषधांनी असे घडणे विरळा. मॉर्फिन आणि कोडीन ही द्रव्ये त्वचेतील मास्ट पेशींना थेट चेतवितात. त्या पेशींतून हिस्टामीन बाहेर पडते, त्वचा तांबूस होते, क्वचित पित्त उठल्यासारख्या गांधीही दिसतात. येथे प्रतिकारशक्तीचा कसलाही कोप झालेला नसतो. हा त्या द्रव्याचा अंगभूत गुण आहे.

तथापि हिस्टामीनने सर्व खाजेचा उलगडा होत नाही. फेंटानिल या औषधाने हिस्टामीन फारसे सुटत नाही, तरीही त्याने खाज येते. शस्त्रक्रियेने प्रसूत होणाऱ्या स्त्रियांना कण्यातून भूल देताना अल्पसे मॉर्फिन घातले जाते, तेव्हा त्यांच्यापैकी बऱ्याच जणींना खाज सुटते, आणि ती विशेषेकरून नाकाभोवती व चेहऱ्यावर असते. त्वचेवर मात्र पुरळ नसते. तोंडाने मॉर्फिन घेणाऱ्यांत हेच प्रमाण शेकडा २ ते १० इतके सांगितले जाते. औषध मज्जारज्जूच्या जितके निकट, तितकी खाज अधिक, यावरून तिचा उगम त्वचेत नसून मज्जासंस्थेत आहे हे उघड होते. २०११ साली उंदरांवर झालेल्या संशोधनात असे आढळले की, मॉर्फिन ग्रहण करणाऱ्या रेणूचा एक विशिष्ट प्रकार मज्जारज्जूत कमी केला असता खाज थांबते, पण वेदनाशमन कायम राहते. पुढे २०२१ साली दुसरी एक बाजू समोर आली: मज्जारज्जूतील ज्या चेतापेशी एरव्ही खाजेला आवर घालतात, त्यांनाच मॉर्फिन गप्प बसविते. द्वारपालच निजला म्हणजे जे व्हायचे तेच येथे होते.

म्हणून खाज येताच हिस्टामीनविरोधी गोळी लिहून देण्याची जी रूढ पद्धत आहे, तिच्यावर फार विसंबून चालत नाही. गांधी असतील तेथे तिचा उपयोग आहे. नुसत्या खाजेत तिचा मुख्य परिणाम गुंगीचा होतो. मॉर्फिननेही गुंगी येतेच. वृद्ध माणसाला दोन्ही एकत्र दिल्यास तो रात्री उठताना तोल जाऊन पडतो, किंवा त्याचा श्वास मंदावतो. याहून शहाणपणाचा मार्ग म्हणजे मात्रा तपासून पाहणे, किंवा त्याच वर्गातील दुसरे औषध निवडणे. एकाने खाज आली म्हणून दुसऱ्याने येईलच असे नाही. कण्यातील मॉर्फिनमुळे आलेल्या खाजेवर भूलतज्ज्ञ नाल्ब्युफिन अल्प मात्रेत देतात. नालोक्झोननेही खाज शमते, पण मात्रा जरा अधिक झाली की दबलेली वेदना उसळून येते. ते काम रुग्णालयातच व्हावे.

घरी करण्याजोगे पुष्कळ आहे, आणि ते स्वस्तही आहे. गार पाण्यात भिजवून पिळलेले फडके खाजेच्या जागी ठेवावे. आंघोळीचे पाणी कडकडीत नको, कोमट असावे. साबण बेताचा, आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल लावावे. कपडे सुती व सैल असावेत, नखे कापलेली असावीत. कोरड्या त्वचेची खाज औषधाच्या खाजेत मिसळली म्हणजे रुग्ण दुपटीने हैराण होतो. पुष्कळांची खाज काही दिवसांत आपोआप ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, त्यासाठी पहिल्या दिवसापासून रेचक लागते. पण तो विषय स्वतंत्र आहे.

खाजेचा दोष दर वेळी औषधावर टाकणेही बरोबर नव्हे. पित्तमार्ग तुंबून कावीळ झालेल्या रुग्णाला आणि मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला मॉर्फिनशिवायही तीव्र खाज सुटते. शिवाय मूत्रपिंडे नीट चालत नसतील तर मॉर्फिनपासून तयार होणारी द्रव्ये शरीरात साचतात. डोळे पिवळे झाले आहेत काय, लघवी कमी झाली आहे काय, हे पाहिल्यावाचून निदान करू नये.

या प्रश्नाला भारतात विशेष महत्त्व आहे. गाझीपूर व नीमच येथे सरकारी अफूचे कारखाने असलेला हा देश. तरीही मादक द्रव्यांविषयीचा १९८५ चा कायदा झाल्यापासून परवान्यांच्या जंजाळामुळे रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. २०१४ साली त्या कायद्यात दुरुस्ती होऊन अत्यावश्यक मादक औषधांसाठी देशभर एकच नियमावली करण्याची वाट मोकळी झाली. केरळात १९९३ साली कालिकत येथे सुरू झालेल्या वेदनाशमनाच्या चळवळीने हे औषध घरोघरच्या रुग्णांपर्यंत नेऊन दाखविले होतेच. पण ज्या जिल्ह्यात मॉर्फिन देणारे एकच केंद्र आहे आणि रुग्णाचा मुलगा दिवसाची मजुरी बुडवून एसटीने तेथवर येतो, तेथे खाजेपायी औषध सुटले तर त्याला दुसरे तोडीचे औषध सहसा मिळत नाही. अशा ठिकाणी पहिली चिठ्ठी लिहितानाच ‘खाज येईल, भिऊ नका, गोळी स्वतःहून थांबवू नका, येऊन सांगा’ एवढे सांगायला अर्धा मिनिट लागतो. ते न सांगण्याला गर्दीचे कारण दिले जाते. ते पटणारे नाही.

आणि नोंद करायचीच असेल, तर ‘वावडे’ हा एक शब्द न लिहिता काय घडले ते लिहावे: कोणते औषध, किती मात्रा, कोणत्या वाटेने दिले, किती तासांनी खाज आली, अंगावर गांधी होत्या की नव्हत्या, श्वासाला त्रास झाला की नाही, आणि कशाने आराम पडला.